भिंतीवरचं इरलं

(घोडेगावातल्या एका वाचनालयात झालेल्या गप्पांचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा शक्यतो बोलली गेली तशीच ठेवली आहे.)

आवाज येतोय ना मागं? पंखा जरा कमी करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखाच ऐकू येईल.

मला विषय दिलाय ‘आजच्या कलेतलं बरोबर आणि चूक’. विषय ऐकून घरी हसले सगळे. म्हणाले, तू चित्रकलेचा मास्तर, तू न्यायाधीश कधी झालास? तर मी काही निवाडा करणार नाही. माझ्या हातून एका प्रदर्शनात ज्या चुका झाल्या त्या सांगतो. त्यातल्या काही चुका होत्या की नव्हत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कलादालनाकडून मला फोन आला. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी भागावर प्रदर्शन करायचंय, तुम्ही तिथलेच, तर तुम्ही क्युरेटर व्हा. क्युरेटर म्हणजे कोण, तर प्रदर्शनात काय ठेवायचं, काय नाही, कशाशेजारी काय लावायचं आणि खालच्या पाटीवर काय लिहायचं हे ठरवणारा माणूस. मानधन फार नव्हतं, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तीस वर्षं घोडेगाव-मंचर करणाऱ्या माणसाला पुण्याहून कुणी ‘क्युरेटर’ म्हणतंय!

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडच्या आश्रमशाळांच्या भिंती तुम्ही बघितल्यात. गेरूचा रंग, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं, गोल करून नाचतायत, मधे एक जण तारपा वाजवतोय. त्यातल्या दोन भिंती मी रंगवल्यात. चौरस फुटाच्या हिशेबानं पैसे मिळाले होते. एका शाळेत रंगवत असताना पाचवी-सहावीतला एक मुलगा बराच वेळ मागं उभा होता. मग त्यानं विचारलं, “सर, हा काय वाजवतोय?” मी म्हटलं तारपा. “तो काय असतो?” मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, “ही कुठली लोकं हायेत?”

मुलगा महादेव कोळी. वर्गात महादेव कोळी, ठाकर, दोन-चार कातकरी. वारली एकही नाही. वारली लोक पालघर-डहाणूकडचे, ठाणे-नाशिकच्या पट्ट्यातले. पण सरकारी कागदावर ‘आदिवासी चित्र’ म्हटलं की वारलीच येतं, आणि मीही विचार न करता तेच काढत होतो. आपल्या घोडेगावला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, तिथं रोज भीमाशंकरच्या खोऱ्यातली माणसं येतात. त्या माणसांना दुसऱ्याच कुणाचं चित्र ‘हे तुमचं’ म्हणून दाखवायचं, हे मला तोपर्यंत खटकलं नव्हतं. खटकलं ते त्या पोराच्या प्रश्नानं.

म्हणून मी प्रदर्शनासाठी ठरवलं की वारली चित्रं नकोत, इथलं जे आहे ते ठेवू. आणि इथलं काय आहे? चित्रं फारशी नाहीत. आहे ते कामाचं सामान. कणगी, टोपल्या, मासे धरायची साधनं, हिरडा वाळवायचं सामान. आणि इरलं. आता इथल्या तरुण मुलांनी इरलं बघितलंय का, हात वर करा. बघा, निम्मेपण नाहीत. आवणीच्या वेळी, म्हणजे भात लावताना, वाकून काम करायचं असतं. छत्रीचा उपयोग नाही, हात मोकळे पाहिजेत. मग बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणायचा, त्यात पानं बसवायची आणि ते डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. आता सगळे प्लास्टिकचा कागद घेतात, स्वस्त पडतो. पण प्लास्टिकच्या आत घाम येतो, इरल्यात येत नाही.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथले एक बाबा अजून इरली करतात. त्यांच्याकडं एक दोन-तीन वर्षं वापरलेलं इरलं होतं, चुलीवर आढ्याला टांगून ठेवलेलं, धुरानं काळपट तांबूस झालेलं. असं देखणं दिसत होतं की मी म्हटलं, बाबा, हेच द्या. बाबा म्हणाले, “ते जुनं हाय, नवं देतो की करून.” मी म्हटलं, नाही, हेच. ते म्हणाले, “न्या मग. पाऊस लागायच्या आत आणून द्या.”

पुण्यात पांढऱ्या भिंतीवर ते लावलं. वरून एक दिवा सोडला. काय दिसत होतं म्हणून सांगू! त्याच्या सावलीची भिंतीवर जाळी पडली होती. आणि खाली पाटी, ‘इरलं. बांबू, पानं. अनामिक, महादेव कोळी. आंबेगाव तालुका.’

पाटी मी लिहिली होती. दालनाकडचा जो नमुना होता त्यात मी भरली. नमुन्यात ‘कलाकार’ असा रकाना होता. माझ्या चित्रांपुढं माझं नाव लिहिलं. पुण्यातल्या दोन तरुण कलाकारांची कामं होती, त्यांची नावं लिहिली, त्यांचं शिक्षण कुठं झालं तेही लिहिलं. इरल्यापाशी आलो आणि हातानं आपोआप ‘अनामिक’ लिहिलं. बाबांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता! उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याशी बोललोही होतो.

हे माझ्या एकट्याचं नाही, ही सवय फार जुनी आहे. पुण्यात केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी आयुष्य घालवून दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं गोळा केली. मोठं काम. ते नसते तर त्यातलं निम्मं मोडीत गेलं असतं. पण ती वस्तू घडवणाऱ्याचं नाव तिथं शोधायला जाऊ नका. केळकरांना ते मिळणं शक्यही नव्हतं, जुन्या बाजारातून आलेल्या अडकित्त्याचा कासार कुठून शोधणार? मला मात्र शक्य होतं. नाव हरवलेलं असणं वेगळं आणि नाव विचारलंच नाही हे वेगळं. ‘अनामिक’ हा शब्द दोन्हीकडं सारखाच दिसतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा आणि आजी प्रदर्शन बघायला आले. मीच गाडीची सोय केली होती. बाबांना वाचता येत नाही, आजींनाही नाही. बरोबर नात होती, दहावीतली. तिनं पाटी वाचली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “सर, अनामिक म्हणजे ज्याचं नाव माहिती नाही तो ना?” बस, एवढंच.

मी त्याच दिवशी पाटी बदलून घेतली. बाबांचं नाव घातलं. फार बरं वाटलं मला, आता सगळं बरोबर झालं असं. नातीनं नवी पाटी वाचून दाखवली. बाबा हसले. आजी म्हणाल्या, “आन पानं कुणी लावली?”

म्हणजे कामट्या बाबा विणतात, पानं आजी गोळा करतात, वाळवतात, बसवतात. पाणी अडतं ते पानांनी. मी तीनदा त्यांच्या घरी गेलो होतो, दरवेळी ओट्यावर बाबांशी बोललो आणि आजींनी दिलेला चहा प्यायलो. पाटी पुन्हा बदलली. दालनातली मुलगी वैतागली, तिसऱ्यांदा प्रिंट काढायची म्हणून.

इथं मला वारली चित्रांची गोष्ट आठवते. मी भिंती रंगवायचो तेव्हा मला ती ठाऊक नव्हती, नंतर वाचून कळली. ती चित्रं मुळात बायकांची. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठानं घराच्या भिंतीवर चौक लिहायच्या, त्यात पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात गेले, कागद आणि रंग घेऊन. तिथं त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे पुरुष असून चित्रं काढायचे, आणि लग्नासाठी नव्हे, रोज काढायचे. विलक्षण हात. पुढं मुंबईत प्रदर्शनं झाली, परदेशात झाली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. ‘आदिवासी कला’ अशा मोघम पाटीच्या जागी एका माणसाचं नाव आलं, ही फार मोठी गोष्ट होती, तिला मी कमी लेखत नाही. पण भिंतीवर लिहिणाऱ्या त्या सवाशिणींची नावं त्या नावाच्या मागं राहिली. आपल्या आजींचा प्रश्न तिथंही लागू पडतो.

२००३ मध्ये याच म्हसेंची चित्रं जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराच्या कामांबरोबर मांडली गेली. लाँग म्हणजे जगातला मोठा माणूस, चालत जातो आणि दगडांची वर्तुळं, मातीच्या रेघा करतो. तो म्हसेंच्या गावाकडं आला, तिथं त्यानं काम केलं. प्रदर्शनाचं नाव ‘डायलॉग’, म्हणजे संवाद. काही लोक म्हणाले, वा, एका पातळीवर आणलं. काही म्हणाले, पातळी कुणाची? मला विचाराल तर दोन नावं शेजारी सारख्याच अक्षरात छापली, हे मला आवडतं. पण लाँगला ‘इंग्लंडची जमात’ म्हणून कुणी पाटी लावत नाही आणि म्हसेंच्या नावापुढं ‘वारली’ लागतंच, हेही दिसतं. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे नाव वापरायचा हक्क कायद्यानं त्या समाजाकडं आला. माझ्या आश्रमशाळेच्या भिंती त्याच्या आधीच्या. कायद्यात सापडलो नसतो, पण ते सोडा.

आणि नाव मिळालं म्हणजे झालं असंही नाही. मध्य प्रदेशातला जनगढ सिंह श्याम, गोंड चित्रकार. भोपाळच्या भारत भवननं त्याला पुढं आणलं, १९८९ मध्ये पॅरिसच्या त्या गाजलेल्या प्रदर्शनात त्याचं काम होतं. नाव होतं, कीर्ती होती. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी तिथं राहून काम करत असताना त्यानं आयुष्य संपवलं. चाळिशी गाठलेली नव्हती. त्यानंतर आपल्याकडच्या कलाकारांनी विचारायला सुरुवात केली की अशा माणसाशी करार कसला होतो, पैसे किती, घरी यायची मुभा कुणाच्या हातात. हे सगळं पाटीवर येत नाही.

बरं, आता दुसरी गोष्ट. ही बोलायला मला जड जाते.

त्याच प्रदर्शनात एका तरुण कलाकाराला माळीणवर काम करायचं होतं. ३० जुलै २०१४. इथल्या कुणाला सांगायला नको, पण हे बाहेरही ऐकलं जाणार आहे म्हणून सांगतो. घोडेगावहून वर गेलं की माळीण. पावसात सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं. दीडशेवर माणसं गेली. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, त्याच्यामुळं जगाला कळलं. पुढं आमड्याला नवी वस्ती झाली.

त्या मुलाची कल्पना अशी, माळीणची माती आणायची, दालनाच्या मधोमध ढीग करायचा आणि त्यात घरातली भांडी अर्धी गाडलेली ठेवायची. शब्द नाही, पाटी नाही. मला ती कल्पना, खरं सांगतो, जबरदस्त वाटली. डोळ्यापुढं उभी राहिली. पण इरल्याच्या पाटीचा चटका ताजा होता, म्हणून म्हटलं, आधी विचारू. माझ्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांच्या नात्यातली माणसं त्यात गेलीत. आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. त्यानं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, “पुण्यातल्या माणसाला माती कळती का, कुठली हाय ती?” तो म्हणाला, नाही कळणार. “मग तिथलीच कशाला पायजे?”

परतताना गाडीत आम्ही दोघं बोललो नाही. डिंभ्याच्या पाण्याच्या कडेनं येत होतो. आपल्या तालुक्याचं नावच त्या पाण्याखाली गेलेल्या गावाचं आहे, आंबेगावचं. तिथली माती आणायला तर पाणबुड्याच लागेल.

त्यानं ते काम केलं नाही. पण तो माझ्यावर चिडला, आणि त्याचं म्हणणं मी इथं पूर्ण मांडणार, कारण ते खोडून काढणं मला जमलेलं नाही. तो म्हणाला, “सर, असं प्रत्येकाला विचारत बसलो तर दुःखावर कुणी कामच करणार नाही. मग उरतं काय, सरकारी स्मारक आणि दरवर्षीची पेपरातली बातमी. डोंगर का खाली आला, यंत्रं लावून उतारावर जमीन सपाट केली त्याचा काही संबंध होता का, ही चर्चा झाली आणि विझली. कलेनं नाही तर कुणी ती जिवंत ठेवायची? आणि परवानगी मागायची तर उद्या ठेकेदाराचीही मागू का?”

बरोबर बोलला तो. परवानगी हा शब्द धोक्याचा आहे. १९५४ मध्ये मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी यांची प्रेमी युगुलाची चित्रं होती. पोलिस आले, म्हणाले, काढा, अश्लील आहेत. पदमसींनी काढली नाहीत. खटला झाला, आणि ते सुटले. तेव्हा जर त्यांनी ‘लोकांच्या भावना’ म्हणून चित्रं उतरवली असती तर पुढच्या कितीतरी जणांना ते महागात पडलं असतं. म्हणजे कुणी हरकत घेतली की काम उतरवायचं, हा काही नियम होऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेतलं एक उदाहरण आहे. सॅम ड्युरंट नावाच्या कलाकारानं फाशीच्या तख्तांचं एक मोठं लाकडी शिल्प केलं, ‘स्कॅफोल्ड’. अमेरिकेच्या इतिहासात जी फाशी दिली गेली तिचा निषेध म्हणून. हेतू चांगला. त्यात १८६२ मध्ये मिनेसोटात ३८ डकोटा आदिवासींना एकाच वेळी फाशी दिलं त्या तख्ताचाही भाग होता. २०१२ मध्ये ते जर्मनीत मांडलं गेलं. २०१७ मध्ये तेच शिल्प मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरच्या बागेत उभं राहिलं, म्हणजे मिनेसोटातच, डकोटा लोकांच्या दारात. शेजारी मुलं खेळणार. डकोटांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. संस्थेच्या संचालिकेनं चूक मान्य केली, कलाकार त्यांच्या वडीलधाऱ्यांबरोबर बसला आणि शेवटी शिल्प उतरवलं. लाकूड आणि त्या शिल्पावरचे हक्कही त्यानं डकोटांना देऊन टाकले.

लाकूड तेच, खिळे तेच. जर्मनीत ते इतिहासावरचं भाष्य होतं, मिनेसोटात ते पणजोबांचं तख्त होतं.

पदमसींना अडवणारे पोलिस होते, हातात सत्ता असलेले. डकोटांच्या हातात काही नव्हतं, त्यांची माणसं गेली होती. माझ्यापुरती मी ही एक खूण धरली आहे, की हरकत घेणारा कुठं उभा आहे ते बघायचं. पण खूणच आहे ती. कारण माळीणचं दुःख एकाच माणसाचं नाही. मी एकाला विचारलं. दुसऱ्या कुणी कदाचित म्हटलं असतं, करा, लोकांना कळू द्या काय झालं ते. मग? बहुमत घ्यायचं का? मला माहीत नाही. तो मुलगा आता माझ्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

इरल्याचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो.

पुण्यातल्या एका गृहस्थांना ते विकत हवं होतं. पाच हजार देतो म्हणाले. मी बाबांना फोन लावला. बाबांनी विचारलं, “त्यास्नी पावसात जायचंय का?” मी म्हटलं, नाही, दिवाणखान्यात लावणार. “मग नवं देतो की, चारशे रुपयात.” गृहस्थांना नवं नको होतं, त्यांना तेच काळपट पाहिजे होतं. बाबांना हे काही केल्या पटेना, की ज्यातून कडेनं पाणी गळायला लागलंय त्याला जास्त पैसे कसे. मी म्हटलं, बाबा, पाच हजार घ्या आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, “आन आवणीला मी काय घालू? नवं व्हायला टाइम लागतोय, पानं आत्ता कुठं मिळायची?” व्यवहार मोडला.

पुढं दालनानं प्रदर्शन आठ दिवस वाढवलं. जूनचा तिसरा आठवडा. मला सकाळी साडेसहाला फोन, “मास्तर, पाऊस लागलाय.” दालनात सांगितलं तर म्हणाले, छापील पत्रकात फोटो इरल्याचाच आहे, शेवटच्या दिवसापर्यंत हलवता येणार नाही, तुम्हीच सही केलीय. सही केली होती हे खरं. तरी मी दुपारी जाऊन ते उतरवलं. थोडी बोलाचाली झाली, मानधनाचा दुसरा हप्ता आला नाही, तो विषय आता संपला.

एसटीत ते इरलं मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट काढू का? संध्याकाळी वाडीवर पोचलो. बाबांनी ते उलटंपालटं करून बघितलं. भिंतीला अडकवण्यासाठी तारेचा आकडा लावला होता, तिथं दोन कामट्या तुटल्या होत्या आणि पानं फाटून भोक पडलं होतं, बरोबर डोक्यावर येईल तिथं. मी बघितलंच नव्हतं ते. दोन महिने मी त्याची सावली बघत होतो. बाबा काही बोलले नाहीत. कोयता घेऊन कामटी तासायला बसले. आजींनी आतून पानं आणली, आणि मला म्हणाल्या, “त्ये नावाचं लिहिलेलं कुठंय?” पाटी माझ्या पिशवीत होती. नातीनं ती मीटरच्या वर भिंतीला चिकटवली. मागच्या महिन्यात गेलो होतो, अजून आहे.

बरं, आता प्रश्न असतील तर घेऊ या. चहा आलाय का?